गोंडामामांचं नाक

गोंडामामांनी डब्याचं टोपण फिरवून काढलं, डब्याच्या तोंडाशी नाक नेलं, नेहमीसारखे डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. घाल."

मी हातपंपाची नळी डब्यात सोडली आणि विमानाची टाकी भरायला लागले. दोन फेऱ्या झाल्या होत्या, तिसरी राहिली होती. आठ-आठ मिनिटांच्या तीन फेऱ्या इंजिन बंद न पडता झाल्या की पुढच्या महिन्यातल्या मेळाव्यात माझं विमान उडणार, असं ठरलेलं होतं. माळावर रविवारची दहा-बारा माणसं जमली होती आणि त्यातली निम्मी तरी माझी फजिती बघायला आली होती, याची मला खात्री होती.

"गडबड नको करू," मामा म्हणाले. "काटोकाट भरू नको. उन्हानं पेट्रोल फुगतंय."

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि कोल्हापुरात, उद्यमनगरात, पॅटर्न बनवत होते. फाउंड्रीत एखादा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो पॅटर्न. आमच्या वडिलांचं काम होतं, ते गेल्यावर मी धरलं. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, "मिस्त्री कुठायत?" मी म्हणायची, "मीच." मग तो माझ्या मागं वाकून बघायचा, आणखी कुणी उभं आहे का म्हणून. अशा माणसांना मी दर वाढवून सांगायची.

रिमोटवर उडणारी विमानं हा माझा नाद. लहान विमानं करून झाली, मग मोठं करायला घेतलं. अडीच वर्षं लागली. नऊ फुटांचे पंख, वजन अकरा किलो, रंग पिवळा. एवढ्या धुडाला लहान विमानाचं इंजिन चालत नाही. त्याला पेट्रोलवर चालणारं पन्नास सीसीचं इंजिन लागतं. आणि तिथंच माझं नाईकनवरे वकिलांशी वाजलं.

वकील आमच्या विमानवाल्यांच्या क्लबचे मुख्य. माणूस सज्जन, पण नियमाला चिकटलेला. त्यांचं म्हणणं, इंजिन परदेशी, विमानासाठीच बनवलेलं हवं. "डब्यातून काढा, चार बोल्ट मारा, उडवा. माझ्याकडं एक जास्तीचं आहे, तेच न्या. वापरून परत द्या."

मला ते नको होतं. ते इंजिन लावलं असतं तर विमान उडाल्यावर सगळे म्हणाले असते, वकिलांचं इंजिन होतं म्हणून उडालं. अडीच वर्षं लाकूड तासलं ते हे ऐकायला नाही. मी सरळ गोंडामामांकडे गेले.

सातगोंडा मगदूम हे त्यांचं पूर्ण नाव. उद्यमनगरच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. गवत कापायची मशिनं, झाडं कापायच्या करवती, फवारणीचे पंप, असली पेट्रोलवर चालणारी सगळी लहान इंजिनं तिथं दुरुस्तीला यायची. मी त्यांच्यापुढं विमानाचे नकाशे पसरले. त्यांनी ते बघितलेही नाहीत. कोपऱ्यातलं गवत कापायचं मशीन उचलून टेबलावर ठेवलं.

"हे घे. बावन्न सीसी. दिवसभर रानात मरमर मरतंय, तक्रार न्हाई. आडवं धर, उलटं धर, चालतंय. बॅटरी लागत न्हाई. तुझं इमान काय करणार ह्याच्यापेक्षा जास्त?"

"वकील हसतील, मामा."

"हसू दे की. गवत कापणारा माणूस काय जिना चढत न्हाई?"

आम्ही दोघांनी तीन महिने त्या इंजिनावर काम केलं. पत्र्याचं कव्हर गेलं, दोरी ओढायचं चाक गेलं, क्लच गेला. विमानाच्या तोंडाचा पंखा बसवायची बैठक मी पॅटर्न करून ॲल्युमिनियममध्ये ओतून घेतली, मामांनी ती लेथवर केसाच्या मापात आणली. वकील एकदा दुकानात येऊन बघून गेले. "गवताचं इंजिन आभाळात," एवढंच म्हणाले, पण जाताना त्यांच्याकडची तेलाची बाटली ठेवून गेले. "इंजिन माझं नको तर नको. तेल तरी चांगलं घाला."

या इंजिनांत तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, एका लिटरला पंचवीस मिली. तेच तेल आत जाऊन पिस्टनला वंगण देतं. ते विसरलात तर इंजिन थोडा वेळ चालतं, तापतं आणि जाम होतं. म्हणून जगातला प्रत्येक शहाणा माणूस मिसळलेल्या डब्यावर चिठ्ठी लावतो. मामांच्या दुकानात चिठ्ठी नव्हती. सगळे डबे सारखे, पांढरे, पाच लिटरचे.

"चिठ्ठ्या लावायच्या वाण्यानं," मामा म्हणायचे. "मिस्त्रीला नाक असतंय."

आणि खरंच होतं ते. डोळे मिटून वास घ्यायचे आणि सांगायचे, हे साधं, हे पंचवीसचं, हे कुणीतरी अंदाजानं ओतलेलं, चाळीस असेल. लोक पैजा लावायचे आणि हरायचे. मामांच्या नाकाची उद्यमनगरात एवढी ख्याती होती की बाकीच्या दुकानांतले मिस्त्रीसुद्धा शंका आली की डबा घेऊन त्यांच्याकडं यायचे.

मधे एक घडलं. आमचं काम चालू असतानाच मामा स्कूटरवरून घसरून पडले. डोक्याला मागच्या बाजूला सहा टाके पडले. आठवड्यानं दुकानात आले तेव्हा पट्टी होती. "टकुरं फुटलं, मेंदू शाबूत हाय," म्हणाले आणि कामाला लागले. पण त्यांचा मुलगा शीतल तेव्हापासून मागं लागला होता, आता बस करा, दुकान मोकळं करा, मी तिथं मोबाईलचं टाकतो. मामांना ते फार झोंबलं होतं. मला म्हणाले, "वैजू, तुझं इमान उडू दे. ह्या इंजिनावर उडू दे. मग बघू, कोण म्हातारा झालाय ते."

म्हणजे त्या इंजिनावर आता आम्हा दोघांचंही बरंच काही टांगलेलं होतं. माझं नाव आणि मामांचं दुकान.

त्या रविवारी शीतलही माळावर आला होता, मोबाईलवर चित्रण करायला. सकाळी मामांनी घरून थर्मासमधून चहा आणला होता. मी एक घोट घेतला आणि थुंकला. दूध नासलेलं होतं. वकिलांनी त्यांचा कप हळूच गवतात ओतला. मामा मात्र दोन कप प्याले. "कशाला नावं ठेवताय?" म्हणाले. मला वाटलं, सून रागावेल म्हणून बिचारे निमूट पितायत.

पहिल्या दोन फेऱ्या सुरेख झाल्या. दुसऱ्या फेरीनंतर विमानाचं पोट तेलकट झालं होतं, ते मामांनी साध्या पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं. मग तिसऱ्यांदा टाकी भरायची म्हणून एक डबा उचलला, वास घेतला आणि म्हणाले, "हं. घाल."

पाचव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज बदलला. आधी बारीक झाला, मग दात खाल्ल्यासारखा करकरला, मग बंद. विमान तेव्हा तीनशे फुटांवर होतं. पंखा आडवा थांबलेला मला खालून दिसत होता.

"नाक खाली! नाक खाली ठेवा!" वकील ओरडले.

"कळतंय!" मीही ओरडले.

धावपट्टीपर्यंत येणं शक्य नव्हतं. शेजारच्या ज्वारीच्या धसकटांत विमान उतरवलं. उतरवलं म्हणायचं. चाकं मागं राहिली आणि विमान पोटावर घसरत पुढं गेलं. धावत जाऊन बघितलं तर पंख शाबूत होते. पंखा हातानं फिरवून बघितला. फिरेना.

वकिलांनी तिथंच सायलेन्सर उतरवायला लावला. आतला पिस्टन त्या भोकातून दिसतो. त्यावर उभे ओरखडे होते, मांजरानं बोचकारल्यासारखे. वकिलांनी टाकीतलं थोडं पेट्रोल बोटांवर घेतलं, चोळलं. बोटं कोरडी झाली.

"यात तेलच नाही," ते म्हणाले. "साधं पेट्रोल आहे. कुणी भरलं?"

त्या दिवशी आम्ही वकिलांनी दिलेलं तेल मिसळलं होतं, त्याला रंग नव्हता, पाण्यासारखं. आमच्या नेहमीच्या तेलानं पेट्रोल निळसर दिसतं, यानं दिसत नव्हतं. साध्याचा आणि मिसळलेल्याचा, दोन्ही डबे सारखे. पण मामांनी वास घेतला होता. मी मामांकडे पाहिलं. ते खाली जमिनीकडं बघत उभे होते. शीतलनं मोबाईल अजून तसाच धरलेला होता.

"मी भरलं," मी म्हणाले. "डबा चुकले असेन."

मी थांबले. मला वाटलं, आता मामा बोलतील. ते वाकून धसकटातलं चाक उचलायला लागले.

वकिलांनी बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "सुतारबाई, अकरा किलोचं विमान लोकांच्या डोक्यावरून उडणार आहे. मी हे मेळाव्यात येऊ देणार नाही."

"एक रविवार द्या."

"माझं इंजिन लावून?"

"हेच इंजिन लावून."

"हट्ट आहे हा."

"आहे. एक रविवार."

त्यांनी चष्मा काढून पुसला. ते विचार करताना तसं करायचे. "ठीक आहे. पुढचा रविवार, पुन्हा तिन्ही फेऱ्या. पण एक अट. पेट्रोलला तुम्ही हात लावायचा नाही. मिसळायचं, तपासायचं, भरायचं, सगळं मगदूम मिस्त्रींनी. माझ्यासमोर, त्यांच्या सहीनं. त्यांच्या नाकावर माझा विश्वास आहे."

मी घरी आले आणि जेवले नाही. विमान मोडल्याचं दुःख नव्हतं. लाकूड मला जोडता येतं. राग मामांचा आला होता. चूक कुणाच्याही हातून होते, पण ती मी अंगावर घेतली आणि माणूस चाक उचलत बसला. एवढ्या वर्षांत कुणी माझ्या कामाकडं बोट दाखवलं नव्हतं. मी ठरवलं, उद्या जायचं, स्पष्ट विचारायचं आणि इंजिन उचलून आणायचं.

सोमवारी सकाळी दुकानाच्या दारातच मला जळका वास आला. प्लास्टिक जळल्याचा, घशात जाणारा. आत मामा स्टुलावर बसून कानशीनं काहीतरी घासत होते. त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर सोल्डरिंगची तापलेली सळई तिच्याच वायरवर पडली होती आणि वायर वितळून धूर निघत होता. शेजारी उघड्या वाडग्यात पेट्रोल.

मी झडप घालून प्लग उपटला, वाडगा बाहेर नेऊन ठेवला. परत आले तर मामा माझ्याकडं नुसते बघत होते.

"काय झालं गं?"

"काय झालं? मामा, दुकान पेटलं असतं! वास येत नाही तुम्हाला?"

त्यांनी कानस खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. तेव्हा मला नासलेला चहा आठवला. डोक्याची पट्टी आठवली. मी समोरच्या खोक्यावर बसले.

"कधीपासून?"

"पडलो न्हवं का. तवापास्नं."

"काहीच येत नाही?"

"काय बी न्हाई. कांदा भाजलेला न्हाई, पाऊस न्हाई. पेट्रोल आन पाणी सारखंच. डाक्टर म्हणतोय, आत शीर तुटली आसंल. आली तर येईल."

"आणि दोन महिने काम कसं करताय?"

"रंगावर. निळं दिसलं की तेल हाय. आन आवाजावर. कान चांगलं हायत माझं." मग म्हणाले, "वकिलाच्या तेलाला रंग न्हवता."

"मग वास कशाला घेतलात? डोळे मिटून? नाटक?"

"लोकं बघत हुती."

माझा राग आता कुठं ठेवावा मला कळेना. पण तो होताच, म्हणून बोलले. "मी सगळ्यांसमोर चूक माझी म्हणाले, मामा. तुम्ही गप्प बसलात."

"शीतल हुता," ते म्हणाले. "त्याला कळलं आसतं तर आज हितं कुलूप बघितलं आसतंस. नाक गेलेला मिस्त्री म्हणजे काय, सांग तूच." त्यांनी कानस बाजूला सारली. "रातभर झोप न्हाई मला. पोरीनं आपल्या आंगावर घेतलं आन मी चाक हुडकत बसलो."

मी उठून गेले नाही. आजही मला त्याचं बरं वाटतं. मी बाह्या वर केल्या आणि म्हणाले, "चला. सिलेंडर काढूया."

भंगारातल्या दुसऱ्या एका मशिनचा सिलेंडर आणि नवा पिस्टन, त्यावर आमचे चार दिवस गेले. रात्री घरी मी चाकांची बैठक नव्यानं केली. कामात अडचण नव्हती. अडचण वकिलांच्या अटीची होती. पेट्रोल मामांनीच तपासायचं, सगळ्यांसमोर. माझ्याच थापेनं त्यांना तिथं उभं केलं होतं.

गुरुवारी मला सुचलं. पॅटर्नचे नकाशे मी पातळ ट्रेसिंगच्या कागदावर काढते. त्यावर तेलकट बोट लागलं की डाग कायमचा राहतो, मी वैतागते. मी दोन कपटे कापून नेले. एकावर साध्या पेट्रोलचा थेंब टाकला, एकावर मिसळलेल्याचा. दोन मिनिटांत साधं उडून गेलं, कागद कोरा. दुसऱ्यावर रुपयाएवढा पारदर्शक डाग राहिला.

मामांनी तो कागद उजेडात धरला. उलटसुलट केला. "दोन मिनिटं लागत्यात," म्हणाले. "नाकाला एक सेकंद लागायचा."

"मग आपण हे आधीच करू. तीसचं पेट्रोल इथं मिसळायचं, इथं तपासायचं आणि त्या डब्याच्या बुडाला मी पटाशीनं बारीक खूण करते. नवा पिस्टन आहे, जरा जास्त तेल लागेल. माळावर तुम्ही बुडाला बोट लावायचं, खूण लागली की वास घ्यायचा आणि म्हणायचं, हं, घाल. कुणाला काही कळणार नाही."

मामांनी मान हलवली. "चालंल."

ही युक्ती सुचली म्हणून मी तेव्हा स्वतःवर खूश होते. मेळाव्यात विमान उडवायचं, याच्यापुढं मला काही दिसत नव्हतं.

रविवारी माळावर मागच्यापेक्षा जास्त माणसं होती. फजितीची बातमी पसरायला वेळ लागत नाही. वारा होता. वकिलांनी वही उघडून टेबलावर ठेवली आणि मला विमानापासून दहा पावलं लांब उभं केलं. शीतल मोबाईल घेऊन पुढंच होता.

"मिस्त्री, करा सुरू," वकील म्हणाले.

मामांनी डबा उचलला. त्यांचं बोट बुडाला गेलेलं मी पाहिलं. खूण त्यांना लागली होती. त्यांनी टोपण काढलं, डबा तोंडापर्यंत आणला. मामांनी डोळे मिटले.

आणि मग उघडले. डबा खाली ठेवला, शर्टाच्या खिशातून ट्रेसिंग कागदाचा कपटा काढला आणि काडीनं त्यावर एक थेंब सोडला.

मी दहा पावलांवरून त्यांच्याकडं डोळे फाडून बघत होते. हे ठरलेलं नव्हतं.

"हे काय?" वकिलांनी विचारलं. "आज नाक कुठं गेलं?"

"गेलंच, वकीलसाहेब," मामा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा होता, पट्टीच्या पलीकडं ऐकू जाईल इतका. "स्कूटरवरनं पडलो तवा गेलं. दोन महिनं झालं. मला कशाचाच वास येत न्हाई. मागच्या रविवारी साधं पेट्रोल मी दिलं. पोरीची चूक न्हवती. तिनं मला झाकलं आन मी झाकून घेतलं."

माझे कान तापले. मला एकाच वेळी त्यांना मिठी मारावीशी आणि ओरडावंसं वाटत होतं, कारण आता सगळं गेलं, मेळावा गेला, दुकान गेलं, आणि हे सगळं आपण वाचवलं होतं की हो मामा!

"मग हा कागद कशासाठी?" वकील म्हणाले.

"दोन मिनिटं थांबायचं. डाग ऱ्हायला तर तेल हाय. कोरा झाला तर न्हाई. हिनं शोधलंय. ह्याला नाक लागत न्हाई, डोळं लागत्यात. ते तुमालाबी हायत."

तेवढ्यात वारा आला. कागद मामांच्या बोटांत फडफडायला लागला, उडणारच होता. शीतलनं मोबाईल खिशात घातला. दोन पावलं पुढं झाला आणि दोन्ही हातांचे तळवे कागदाच्या दोन्ही बाजूंना धरून वाऱ्याला आडवा उभा राहिला. वडिलांकडं त्यानं बघितलं नाही. कागदाकडंच बघत राहिला.

दोन मिनिटं फार मोठी असतात. वकिलांनी घड्याळ लावून ती पुरी मोजली. मग कागद घेऊन सूर्याकडं धरला. मला तेवढ्या लांबूनही दिसलं, कागदाच्या मधोमध उजेड आरपार येत होता.

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मिस्त्री," ते म्हणाले, "मागच्या रविवारी मी तुमच्या नाकावर विश्वास ठेवला, ते चुकलंच माझं. नाक काय, सर्दीनंही जातं." त्यांनी तो कागद वहीत चिकटवला आणि वही मामांपुढं सरकवली. "याच्याखाली सही करा. आणि दर फेरीला नवा कागद."

मग माझ्याकडं वळले. "आणि सुतारबाई, माझ्याशी खोटं बोललात त्याचं काय करायचं ते मेळाव्यानंतर बघतो."

"बघा," मी म्हणाले. मेळाव्यानंतर म्हणजे मेळावा होता! मी धावतच विमानाकडे गेले.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. मामांनी डोकं कलतं करून ऐकलं आणि कार्बोरेटरची सुई पाव फेरा उघडली, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त जाईल. "नवा पिस्टन हाय. तापू देऊ नको त्याला."

विमान पट्टीच्या निम्म्यातच उचललं. मी त्याला उगाच कसरती करायला लावल्या नाहीत. मोठमोठ्या गोल चकरा घातल्या आणि पूर्ण वेळ फक्त आवाज ऐकला. पाचव्या मिनिटाला हात घामानं भिजले, रिमोट निसटेल असं वाटलं. मामा माझ्या डाव्या खांद्याशी उभे होते. "बरोबर चाललंय," एवढंच म्हणत होते, "बरोबर चाललंय." पाचवं मिनिट गेलं, सातवं गेलं. वकिलांनी आठ म्हटल्यावर मी खाली आणलं आणि या वेळी चाकं विमानाबरोबरच आली.

माणसं टाळ्या वाजवत होती. मामा तिकडं गेले नाहीत. इंजिन अजून मंद चालू होतं. ते सायलेन्सरपाशी गेले आणि सवयीनं वाकले. धुराच्या वासावरून इंजिन आत कसं जळतंय ते मिस्त्रीला कळतं, आयुष्यभर ते तसंच वाकत आले होते. वाकले आणि तसेच राहिले. शीतल शेजारी येऊन उभा होता.

मग मामांनी मान वळवून मला विचारलं, "वैजू, कसा येतोय गं?"

मी त्यांच्याशेजारी गुडघ्यावर बसले आणि धुरात नाक घातलं. डोळ्यांतून पाणी आलं, त्याला धुराचं निमित्त झालं.

"गोडसर येतोय," मी म्हणाले. "थोडा तेलकट. जळका नाही."

"करपट कुठं?"

"कुठंच नाही, मामा."

"मग ऱ्हाऊ दे सुई तशीच," ते म्हणाले. शीतलनं न सांगता मामांच्याच खिशातून दुसरा कपटा काढून त्यांच्या हातात दिला आणि मामा दुसऱ्या फेरीचं पेट्रोल तपासायला बसले.